बोटभर फट

मामाच्या घराची मागची पडवी आजोबांनी पन्नासच्या दशकात कधीतरी फळ्या मारून बंद करून घेतली. अंधेरी पूर्वेचं गावठाण, घर कौलारू, पुढच्या भिंती वीट-चुन्याच्या. मागे मात्र काळ्या दगडाचं जोतं, त्यावर सागाची चौकट आणि चौकटीवर बाहेरून आडव्या फळ्या, माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक चढवलेल्या. सगळ्यांत खालची फळी जोत्याला टेकतच नाही. मध्ये बोटभर फट आहे. मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी मोठी माणसं झोपली की आम्ही भावंडं त्या फटीतून पत्ते बाहेर सरकवत असू. एक जण आत, एक बाहेर, असा डाव. बदामाची राणी अशीच एकदा गेली ती परत आली नाही.

ती फट सुताराची चूक आहे अशी माझी कित्येक वर्षं समजूत होती. माप चुकलं असेल, फळी कमी पडली असेल. मामीची समजूत याहून व्यवहारी होती. त्या फटीतून उंदीर येतात. आणि ते येतच होते. २०१६ च्या उन्हाळ्यात तांदळाच्या डब्यामागे पिल्लं सापडली, तेव्हा तिने निर्वाणीचं सांगितलं आणि मामाने नाक्यावरचा एक गवंडी आणला. दोन पाट्या सिमेंट, एक दुपार. फट जोत्यापासून फळीपर्यंत गच्च बुजली, वर करणीने छान गोलाई दिली, शेवटी फळीच्या रंगाचाच ऑइलपेंट. काम इतकं सफाईदार की मीच मोबाइलवर फोटो काढून नातेवाइकांना पाठवला होता.

२०१९ च्या गणपतीच्या आधी साफसफाई करताना मामीच्या हातातला झाडू त्या खालच्या फळीत गेला. फळीला लागला असं नव्हे, फळीत गेला.

*

सुतार कुडाळकडचे. मामा त्यांना मामाच म्हणतो, त्यामुळे आम्हीही. त्यांनी आधी काहीच विचारलं नाही. उकिडवे बसले, पटाशीचं टोक सिमेंटच्या गोलाईत घालून एक लहानसा टवका उडवला, मग फळीची कड बोटांनी चिमटीत धरली. ती चहात बुडवलेल्या खारीसारखी हातात आली. आतलं लाकूड गडद तपकिरी, चौकोनी तुकड्यांत तडकलेलं, ओल्या पालापाचोळ्याचा वास. मागच्या बाजूला, जिथे कुणाची नजर कधीच गेली नसती तिथे, मातीच्या दोन बारीक नळ्या जोत्यावरून निघून सरळ चौकटीत शिरल्या होत्या.

“ह्या कोणी बुजवल्यान?” त्यांनी विचारलं. मामाने माझ्याकडे पाहिलं. मी गवंड्याचं नाव विसरल्याचं सांगितलं.

नंतरच्या तीन दिवसांत त्यांनी जे केलं आणि त्या निमित्ताने मी जे वाचलं, विचारलं, उपनगरांतली गावठाणं हिंडून पाहिलं, त्यातून माझं मत पार उलटं झालं. ती फट हा त्या भिंतीतला सगळ्यांत विचारपूर्वक केलेला भाग होता.

आधी हवेचा हिशोब. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास रेंगाळते. अशा हवेत पावसाचा एक थेंबही न लागलेलं लाकूड स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सतरा-अठरा टक्के पाणी धरून बसतं. लाकूड २० टक्क्यांच्या आत राहिलं तर कुजत नाही, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे आपल्याकडच्या पावसाळ्यात प्रत्येक फळी नुसत्या हवेनेच काठावर येऊन उभी असते. त्यात कुठे पाणी अडकून राहिलं की तिचा पाय घसरलाच. आणि अडकायला पाणी भरपूर. सांताक्रूझ वेधशाळेत जून ते सप्टेंबर सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस मोजला जातो. वारा नैऋत्येचा, त्यामुळे घराच्या पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या अंगाला झड बसते. मामाची पडवी नेमकी पश्चिमेला.

झड फळ्यांवर आपटते, बरंचसं पाणी बाहेरून ओघळतं, थोडं सांध्यांतून मागे जातं. ते जाणारच. चारशे मिलिमीटर पाऊस दोन दिवसांत पडतो अशा गावात फळ्यांची भिंत पूर्ण पाणबंद करायला निघालेला माणूस एक तर नवशिका, नाहीतर काहीतरी विकायला आलेला. आढ्याचं पाणी वळचणीला जातं तसंच भिंतीचं पाणी पायथ्याला. तिथे त्याला बाहेर पडायला वाट हवी आणि मागच्या पोकळीत वारा शिरायला जागा हवी. दोन्ही कामं ती बोटभर फट करत होती. आम्ही सिमेंट भरलं आणि फळीच्या पायाशी एक पन्हळ तयार झाली, बाहेरून दिसणारी नव्हे, आतून भरणारी. फळीची टोकं आणि कड त्यात चार महिने भिजत राहिली. सिमेंट स्वतः पाणी शोषतं आणि हळूहळू सोडतं, त्यामुळे दिवाळीनंतरही फळी सुकत नव्हती.

फट बोटभरच का, हेही सुतारमामांना विचारलं. त्यांनी एक पत्रा घेतला, फळीच्या खाली अगदी जवळ धरला आणि वरून तांब्याने पाणी सोडलं. पाणी दोघांच्या मध्ये पडद्यासारखं लटकून राहिलं. पत्रा खाली घेत गेले. एका अंतरावर पडदा तुटला आणि थेंब सुटे पडू लागले. दोन-तीन मिलिमीटरच्या चिरेत पाणी स्वतःच्याच ओढीने वर चढून बसतं, हे आपण शाळेत केशाकर्षण म्हणून शिकलो. त्याचा भिंतीशी संबंध असतो हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळलं. अर्धवट बुजवलेली फट उघड्या फटीपेक्षा वाईट.

शिवाय लाकूड हलतं. लांबीत नव्हे, रुंदीत. मार्चमधली सहा इंची सागाची फळी आणि ऑगस्टमधली तीच फळी यांच्या रुंदीत दीड-दोन मिलिमीटरचा फरक पडू शकतो. म्हणून जुने सुतार अशा चढत्या फळीला एकाच कडेला खिळे मारत, दुसरी कड मोकळी. फळी फुगली की खाली सरकते. खाली सिमेंटची भिंत असेल तर सरकणार कुठे? मग मधूनच पोट काढते, खिळे उपसते. आमच्या पडवीची तिसरी फळी का फुगलीय, याचं उत्तर पहिल्या फळीखाली होतं.

*

लाकूड जमिनीला टेकू द्यायचं नाही ही समज आपल्याकडे जुनी आहे. कुठल्याही वाड्यात खांबाखाली दगडी तळखडा दिसेल. पुण्याचा विश्रामबागवाडा, दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधलेला, लाकडी दर्शनी भागासाठी लोक बघायला जातात. मी अलीकडे गेले तेव्हा वेळ खांबांच्या पायाशीच गेला. नॉर्वेत सुरुवातीची लाकडी चर्च जमिनीत खांब रोवून बांधली आणि ती कुजून गेली. नंतर खांब दगडी पायावरच्या तुळयांवर ठेवले आणि त्यातली उर्नेससारखी बाराव्या शतकातली इमारत अजून उभी आहे. माझा न्यू जर्सीतला मावसभाऊ घर घेताना तिथल्या तपासनिसाने काढलेल्या त्रुटींची यादी घेऊन वैतागला होता. त्यातली एक अशी की बागेची माती बाहेरच्या फळ्यांच्या फार जवळ आलीय, मध्ये किमान सहा इंच हवेत. तो फोनवर म्हणाला, एवढ्याशा गोष्टीसाठी. मी त्याला आमच्या फळीचा फोटो पाठवला.

या सगळ्याच्या बरोबर उलट विद्या अंधेरीतच, वेसाव्याच्या किनाऱ्यावर आहे. कोळ्यांच्या लाकडी होडीत एकही फट चालत नाही. दोन फळ्यांच्या सांध्यात तेल-राळेत भिजवलेला कापूस ठोकून बसवतात, आणि लाकडाला माशाचं तेल पाजत राहण्याची जुनी पद्धत होती. आता फायबरच्या होड्या वाढल्या, तरी ठोकणारे हात अजून आहेत. होडीचं लाकूड पाण्यात फुगून सांधे स्वतःच आवळून घेतं. ते कायम ओलं, घराचं लाकूड ओलं-सुकं-ओलं. घराला होडीसारखं बंद करणं हा आमचा मूळ घोटाळा.

वाळवीची गोष्ट आणखी मजेची. मुंबईत घरं पोखरणारी बहुतेक वाळवी जमिनीत राहते. तिला ओलावा लागतो, उजेड-वारा सोसत नाही, म्हणून ती मातीच्या नळ्या बांधत चढते. उघड्या फटीवरून तिला नळीचा पूल बांधावा लागतो आणि तो पूल सकाळी झाडू मारणाऱ्या बाईला दिसतो. आजी असे पूल केरसुणीच्या बुडख्याने मोडायची, रॉकेलचा बोळा फिरवायची, एवढाच तिचा वाळवीविरोधी कार्यक्रम. सिमेंट भरल्यावर वाळवीला पूल बांधायची गरजच उरली नाही. सिमेंट आणि दगड यांच्यामधल्या केसाएवढ्या चिरेतून ती थेट वर गेली, आमच्या नजरेआड. सागाला वाळवी लागत नाही असं छातीठोक सांगणारे भेटतात. गाभ्याच्या लाकडाबाबत ते बरंचसं खरं आहे. त्यात टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं, ते वाळवीला मानवत नाही. पण झाडाच्या बाहेरच्या अंगाचं पांढरट लाकूड साग असूनही साधं लाकूडच, आणि आजच्या कोवळ्या लागवडीच्या सागात ते जास्त. कुजलेल्या सागाचाही भरवसा नाही.

औषध मारणारे येऊन गेले. भारतीय मानक ६३१३, भाग ३ हा चालू घरांसाठीचा. भिंतीच्या कडेने फुटाफुटावर भोकं पाडून जमिनीत द्रावण सोडायचं. मागे विहीर आहे म्हटल्यावर मामाने ते भिंतीच्या आतल्या बाजूपुरतंच करून घेतलं. विहिरीचं पाणी कुणी पीत नाही आता, पण विहिरीला तो अजून नारळ वाहतो.

*

मामीचा प्रश्न मात्र शिल्लक होता, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. या शहराला उंदरांचा इतिहास आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. लोक साष्टीतल्या गावांकडे पळाले, रोग त्यांच्या मागोमाग आला. वांद्रे भागात त्या काळात उभारलेले प्लेगचे क्रूस अजून गल्लीच्या तोंडाशी दिसतात. रोग उंदरावरच्या पिसवेतून येतो हे पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये कराचीत दाखवलं, ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. तोवर पथकं घरांवर चुना मारत होती, उजेड यावा म्हणून कौलं उचकटत होती. २००५ च्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसने मुंबईला पुन्हा उंदीर आठवून दिला. फटीत उंदीर येणं ही गैरसोय नव्हे, धोका आहे. उंदराचं डोकं आत गेलं की अंग जातं. चिचुंद्री-घुशीचं सोडा, घरातल्या लहान उंदराला पेन्सिल जाईल एवढं भोक पुरतं.

त्याच २००५ चा २६ जुलै मात्र फटीच्या बाजूने साक्ष देतो. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला शंभरही नाही. मरोळकडून, मिठीकडून पाणी चढत आलं. मामाच्या पडवीत ते फटीतून शिरलं, गुडघ्यापर्यंत आलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच फटीतून, जसं आलं तसं, मुकाट निघून गेलं. समोरच्या नव्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरचे लोक दोन दिवस बादल्यांनी पाणी उपसत होते.

मग सुतारमामांनी असं केलं. सिमेंट पूर्ण काढलं. जोत्याच्या माथ्याला बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिला. चौकटीच्या खालच्या तुळईवर पत्र्याची घडी बसवली, तिची बाहेरची कड जोत्याच्या पुढे लोंबती. फळीच्या मागे, फट झाकेल अशी, सहा मिलिमीटरच्या छिद्रांची स्टेनलेसची जाळी काटकोनात वाकवून स्क्रूने आवळली. साधी जस्ताची जाळी स्वस्त पडते, पण खाऱ्या हवेत तिचे तीन-चार पावसाळे झाले की गंजाचा चुरा उरतो. आणि उंदरांच्या बिळांसाठी काच मिसळलेलं सिमेंट हा जुना उपाय त्यांनी फटीला नाही, पण कोपऱ्यातल्या एका भोकाला वापरला, अगदी आनंदाने, बाटली स्वतः फोडून.

फळी आम्ही जोगेश्वरीहून आणली. ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचर बाजारात पाडलेल्या इमारतींचे दरवाजे, तुळया, कठडे रचलेले असतात. सुतारमामा प्रत्येक फळीवर बोटाच्या पेराने टकटक करत, कान लावत, नखाने खरवडत चालले होते. एकीवर निळा, त्याखाली हिरवा, त्याखाली पांढरा रंग होता आणि खिळ्यांची भोकं काळी पडलेली. लोखंड आणि ओलं लाकूड मिळून असा काळा डाग पडतो. म्हणून नव्या जागी पितळी स्क्रू. रंधा मारल्यावर आतून मधासारखा रंग आणि तो तेलकट वास. खालच्या कडेला त्यांनी बाहेरच्या अंगाला तिरका काप दिला आणि कडेपासून अर्ध्या इंचावर, तळाला, करवतीने एक सरळ खाच ओढली. फळीच्या पोटाखालून मागे सरकू पाहणारा थेंब त्या खाचेशी येऊन तुटतो. जोडण्याआधी कापलेल्या सगळ्या कडांना अळशीचं उकळलेलं तेल, तीन हात. बाहेरून दिसणाऱ्या अंगाला दोनच हात दिले.

*

अशा भिंती आता किती उरल्या? आंबोली, चकाला, मरोळ, कोंडिविटा, बोरिवलीकडे वझिरा, शिंपोली, एक्सर, घाटकोपरला किरोळ: या पावसाआधी मी जमेल तेवढी हिंडले. फळ्यांच्या भिंती दिसतात, पण बहुतेक ठिकाणी त्यांच्यावर काहीतरी चढवलेलं. पत्रा, प्लायवूड, निळी ताडपत्री, एका घराला चक्क बाथरूमच्या फरशा. फरशीमागे आत काय चाललं असेल याची कल्पना मला आता आहे. लोकांना दोष देववत नाही. शहरातल्या उपकरप्राप्त इमारतींना १९६९ च्या कायद्यातून दुरुस्ती मंडळ तरी मिळालं, ते बेट-शहरापुरतं. १९५० आणि १९५७ मध्ये महापालिकेत आलेल्या उपनगरांतली जुनी घरं ज्याची त्याची. भाडेकरू-मालकाचा वाद असेल तर ज्याची त्याचीही नाही. आणि ज्यांनी देवदाराच्या खोक्यांच्या फळ्या उभ्या करून डोंगरउतारावर झोपड्या बांधल्या त्यांच्या घरांची खालची कड तर दर पावसाळ्याला डांबर लावून, बदलून, पुन्हा डांबर लावूनच टिकत होती. असल्फ्याच्या चढावर एका आजींनी मला सांगितलं की त्यांचा दरवर्षीचा मे महिना असाच जायचा. विटा आल्या तेव्हा त्यांना पहिला आनंद झाला तो डांबराचा वास गेल्याचा.

पण या हिंडण्यात खरा शत्रू वेगळाच दिसला. सिमेंट नव्हे, उंदीरही नव्हे. रस्ता. गावठाणाच्या गल्लीत दर काही वर्षांनी लादीकरण होतं. जुनी लादी काढत नाहीत, तिच्यावरच नवी येते, वर कुणाच्या तरी प्रयत्नांतून झाल्याचा फलक. दर वेळी गल्ली चार-सहा इंच वर चढते आणि घर तेवढंच खाली जातं. मामाच्या घराला पुढे चार पायऱ्या होत्या, त्यावर आम्ही बसून आंबे खायचो. आता दीड आहे. मागच्या गल्लीत जोत्याच्या दगडाचे पाच थर मोजलेले मला आठवतात, आज दोन दिसतात. पागोळ्यांचं पाणी पूर्वी मातीत पडून जिरायचं, आता लादीवर आपटून फळीच्या पायावर उसळतं, गल्लीतल्या चिखलासकट. आजोबांच्या सुताराने बोटाचं माप धरलं तेव्हा त्याने गल्ली जिथे होती तिथेच राहील असं धरलं होतं.

या वर्षीचा पाऊस बरा गेला. जुलैतल्या एका सततच्या झडीत मामा टॉर्च घेऊन मागे ओणवा झाला होता. मी छत्री धरली. फळीच्या खालच्या कडेवरून थेंब एकामागून एक सुटत होते, जाळीच्या आत पाठीमागे कोरडं. आतून मामीचा आवाज आला की उंदीर येतच आहेत, आता मोरीतून. मामा म्हणाला, ते माझ्याकडे नको, गवंड्याकडे दे.

दसऱ्याच्या आधी गल्लीत दोन मुलं फिता घेऊन आली. नवं लादीकरण मंजूर झालंय. त्यांनी प्रत्येक घराच्या भिंतीवर नव्या पातळीची खडूची रेघ मारली. ती गेल्यावर मामा मागे गेला, रेघेवर करंगळी टेकवली आणि तिथून वर फळीपर्यंत बोटं मोजली. चार भरली. त्याने पुन्हा मोजली, मग सुतारमामांना फोन लावला.